हेन्री पॉन्सनबी

मेजर जनरल सर हेन्री फ्रेडरिक पॉन्सनबी (१० डिसेंबर १८२५ – २१ नोव्हेंबर १८९५) हे इंग्लंडच्या राजदरबारातील एक अधिकारी होते. १८७० ते १८९५ या काळात ते राणी व्हिक्टोरिया यांचे खासगी सचिव होते आणि १८७८ पासून राणींच्या खासगी तिजोरीचा कारभारही त्यांच्याकडे होता. या पंचवीस वर्षांत ग्लॅडस्टन, डिझरायली, सॉल्झबरी आणि रोझबरी असे चार पंतप्रधान झाले. राणी आणि मंत्रिमंडळ यांच्यामधला पत्रव्यवहार मात्र पॉन्सनबी यांच्याच हातून होत राहिला. ते स्वतः उदारमतवादी विचारांचे होते, तर राणींचा ओढा उत्तरोत्तर हुजूर पक्षाकडे वाढत गेला. या मतभेदातून त्यांच्या कामाची जी पद्धत घडली, तिच्यामुळे ब्रिटिश राजाच्या खासगी सचिवाच्या पदाला बरेचसे आजचे स्वरूप आले.

जन्म व घराणे

पॉन्सनबी यांचा जन्म आयोनियन बेटांपैकी कॉर्फू बेटावर झाला. ही बेटे तेव्हा ब्रिटिश संरक्षणाखाली होती आणि वडील मेजर जनरल सर फ्रेडरिक कॅव्हेंडिश पॉन्सनबी तेथे लष्करी सेवेत होते. फ्रेडरिक हे बेसबरोच्या तिसऱ्या अर्लचे दुसरे पुत्र. या घराण्याच्या जमिनी आयर्लंडमध्ये होत्या आणि त्याची राजकीय परंपरा व्हिग पक्षाची, म्हणजे पुढे ज्यातून उदारमतवादी पक्ष आकाराला आला त्या पक्षाची होती. आई लेडी एमिली या अर्ल बॅथर्स्ट यांच्या कन्या. नेपोलियनशी झालेल्या युद्धाच्या अखेरच्या वर्षांत अर्ल बॅथर्स्ट ब्रिटनचे युद्ध व वसाहतमंत्री होते.

वडिलांची ख्याती वॉटर्लूच्या लढाईमुळे झाली. १८ जून १८१५ रोजी १२व्या लाइट ड्रॅगून्स या घोडदळ पलटणीचे नेतृत्व करताना त्यांचे दोन्ही हात जायबंदी झाले आणि तलवारीच्या वाराने ते घोड्यावरून खाली पडले. त्यांची हालचाल पाहून एका भालाईताने पाठीत भाला खुपसला. पुढे एका फ्रेंच अधिकाऱ्याने त्यांना ब्रँडी पाजली. त्यानंतर एक फ्रेंच सैनिक त्यांच्याच देहाचा आडोसा करून गोळ्या झाडत राहिला. रात्री लुटारूंनी त्यांना लुबाडले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते जिवंत सापडले. त्यांची शुश्रूषा करण्यासाठी बहीण लेडी कॅरोलाइन लॅम ब्रसेल्सला गेल्या. याच लेडी कॅरोलाइन कवी बायरन यांच्याशी असलेल्या संबंधांमुळे इंग्रजी साहित्याच्या इतिहासात ठाऊक आहेत. त्यांचे पती विल्यम लॅम पुढे लॉर्ड मेलबर्न या नावाने व्हिक्टोरिया राणींचे पहिले पंतप्रधान झाले. हेन्री यांच्या आत्याच्या यजमानांनीच तरुण राणींना राज्यकारभाराचे पहिले धडे दिले होते.

फ्रेडरिक पुढे माल्टाचे गव्हर्नर झाले. जानेवारी १८३७ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा हेन्री अकरा वर्षांचे होते.

लष्करी सेवा व दरबारात प्रवेश

सँडहर्स्ट येथील लष्करी विद्यालयात शिक्षण घेऊन पॉन्सनबी १८४२ मध्ये सैन्यात दाखल झाले आणि लवकरच ग्रेनेडियर गार्ड्स या पलटणीत गेले. आयर्लंडमध्ये ते व्हाइसरॉयच्या पदरी एडीसी होते. क्रिमियाच्या युद्धात सेबास्टोपोलच्या वेढ्यात त्यांनी भाग घेतला. युद्धावरून परतल्यावर राणींचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी त्यांना आपले एक्वेरी नेमले. एक्वेरी म्हणजे राजपरिवारातील व्यक्तीबरोबर राहून तिच्या भेटीगाठी, प्रवास व सरबराई पाहणारा लष्करी अधिकारी.

१४ डिसेंबर १८६१ रोजी अल्बर्ट यांचे निधन झाले. याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात ट्रेंट या ब्रिटिश जहाजावरील प्रकरणामुळे ब्रिटन व अमेरिका यांच्यात तणाव निर्माण झाला होता. त्यामुळे कॅनडाला पाठवलेल्या फौजेत पॉन्सनबी आपल्या पलटणीसह गेले. तेथून परतल्यावर ते राणींच्या सेवेत राहिले. १८६८ मध्ये त्यांना मेजर जनरलचा हुद्दा मिळाला.

विवाह

३० एप्रिल १८६१ रोजी पॉन्सनबी यांचा विवाह मेरी एलिझाबेथ बुलटील (१८३२–१९१६) यांच्याशी झाला. मेरी १८५३ पासून राणींच्या मेड ऑफ ऑनर, म्हणजे दरबारात राणींच्या सोबत राहणाऱ्या अविवाहित मानकरी स्त्रियांपैकी एक होत्या. १८३२ चा संसदीय सुधारणा कायदा ज्यांच्या कारकिर्दीत झाला, ते पंतप्रधान अर्ल ग्रे हे मेरी यांचे आजोबा, म्हणजे आईचे वडील.

मेरी यांना केवळ दरबारी अधिकाऱ्याची पत्नी म्हणणे अपुरे ठरेल. केंब्रिजमधील गर्टन कॉलेज या स्त्रियांच्या महाविद्यालयाच्या उभारणीत त्यांचा सहभाग होता, कादंबरीकार जॉर्ज एलियट यांच्याशी श्रद्धा व नीती या विषयांवर त्यांचा पत्रव्यवहार होता आणि उत्तरायुष्यात संगीतकार एथेल स्मिथ यांच्याशी त्यांची निकट मैत्री झाली. राजकारणात त्या पतीपेक्षाही पुढारलेल्या मतांच्या होत्या आणि ती मते बोलून दाखवण्यास कचरत नसत. दरबार बाल्मोरलला असे तेव्हा पॉन्सनबी घरापासून आठवडेच्या आठवडे दूर राहत आणि जवळजवळ रोज पत्नीला पत्र लिहीत. व्हिक्टोरियाकालीन दरबाराचे आतले जीवन आज जितके तपशीलवार ठाऊक आहे, त्यातील मोठा भाग या पत्रांमुळेच.

खासगी सचिवपद

राजाला स्वतःचा सचिव असावा की नाही, हा ब्रिटनमध्ये दीर्घकाळ वादाचा विषय होता. मंत्री संसदेला जबाबदार असतात. राजाच्या कानाशी बसणारा सचिव कोणालाच जबाबदार नसतो, असा आक्षेप घेतला जाई. तिसऱ्या जॉर्जची दृष्टी अधू झाली तेव्हा, १८०५ मध्ये, सर हर्बर्ट टेलर यांची नेमणूक झाली, तीही टीका ओढवूनच. व्हिक्टोरिया राणींच्या बाबतीत आधी मेलबर्न व नंतर अल्बर्ट हेच हे काम करत. अल्बर्ट यांच्या निधनानंतर ते जनरल चार्ल्स ग्रे यांच्याकडे आले. मात्र त्यांना खासगी सचिव असे पदनाम उघडपणे मिळाले ते १८६७ मध्ये. ग्रे हे मेरी पॉन्सनबी यांचे सख्खे मामा होते.

१८७० च्या वसंतात ग्रे यांचे निधन झाले आणि राणींनी पॉन्सनबी यांची निवड केली. राजघराण्यातून या निवडीला विरोध झाला. राणींचे चुलतभाऊ व सरसेनापती ड्यूक ऑफ केंब्रिज आणि जावई प्रिन्स ख्रिश्चन यांचे म्हणणे असे की, पॉन्सनबी यांची मते फार उदार आणि त्यांच्या पत्नीची तर जहालच आहेत. सैन्यातील हुद्दे पैसे देऊन विकत घेण्याची प्रथा बंद करण्याची तयारी उदारमतवादी सरकार तेव्हा करत होते, हेही या विरोधामागे असावे. राणी निर्णयावर ठाम राहिल्या. मात्र विंडसरच्या डीनमार्फत त्यांनी बजावले की, पॉन्सनबी यांनी मते व्यक्त करताना सावध राहावे आणि पत्नीच्या बोलण्यामुळेही आपण अडचणीत येणार नाही याची काळजी घ्यावी.

कामाची पद्धत

राणी व त्यांचे सचिव बहुतेक वेळा एकाच वाड्यात असत, तरी त्यांचा व्यवहार मुख्यतः चिठ्ठ्यांनी चाले. परराष्ट्र खात्याचे खलिते, मंत्रिमंडळाचे अहवाल, धर्मपीठांवरील नेमणुका, पदव्या व मानमरातब, राजपुत्रांची लग्ने, नोकरांची भांडणे असे सर्व काही पॉन्सनबी यांच्या टेबलावरून जाई. पहिली काही वर्षे त्यांना मदतनीसही नव्हता. पुढे फ्लीटवुड एडवर्ड्स आणि आर्थर बिग हे दोन तरुण अधिकारी हाताखाली आले. पॉन्सनबी यांचे कपडे गबाळे असत, विजार नेहमी लांब. दरबारी थाट त्यांना कधी जमला नाही आणि त्याची त्यांना फिकीरही नव्हती.

राणींशी वाद घालायचा नाही, पण खोटे मान्यही करायचे नाही, ही त्यांच्या पद्धतीची गुरुकिल्ली होती. त्यांनी स्वतः ती एका हिशेबाच्या उदाहरणाने सांगितल्याचे प्रसिद्ध आहे. दोन आणि दोन पाच होतात असा राणींचा आग्रह असला, तर आपल्याला ते चार वाटल्यावाचून राहत नाहीत एवढेच ते म्हणत. तुमच्या म्हणण्यात तथ्य असेलही, पण ते पाचच, असे राणींचे उत्तर आले की ते विषय सोडून देत. दुसरा एखादा अधिकारी पुरावे देत बसे आणि राणींची मर्जी गमावे. हे उदाहरण विनोदासाठी सांगितले जाते. पण यात मतभेद एकदा नोंदवलेला असे, हे विसरता कामा नये. तोच मुद्दा काही दिवसांनी राग निवळल्यावर, दुसऱ्या कागदाच्या निमित्ताने पुन्हा राणींपुढे येई आणि पुष्कळदा मान्य होई. राणींची रागाने लिहिलेली वाक्ये मंत्र्यांपर्यंत पोहोचताना सौम्य होत, हाही याच पद्धतीचा भाग होता.

राजकीय प्रसंग

पद हाती आल्यावर दुसऱ्याच वर्षी मोठी परीक्षा झाली. अल्बर्ट यांच्या मृत्यूला दहा वर्षे होत आली तरी राणी लोकांत फारशा मिसळत नव्हत्या, आणि राजघराण्यासाठी संसदेकडे पैसे मात्र मागितले जात होते. ऑगस्ट १८७१ मध्ये संसदेचे अधिवेशन लांबले. ते संपेपर्यंत राणींनी बाल्मोरलला जाऊ नये असे मंत्र्यांना वाटत होते. राणींनी प्रकृतीचे कारण सांगून नकार दिला. हे कारण बहाणा आहे असे अनेकांना, पॉन्सनबी यांनाही, वाटले. पुढच्याच महिन्यात राणी खरोखर गंभीर आजारी पडल्या आणि त्यांच्या काखेतील गळूवर जोसेफ लिस्टर यांना शस्त्रक्रिया करावी लागली. नोव्हेंबरमध्ये चार्ल्स डिल्क यांनी न्यूकॅसल येथील भाषणात राजसत्तेच्या खर्चावर उघड हल्ला केला. प्रिन्स ऑफ वेल्स विषमज्वरातून वाचले आणि २७ फेब्रुवारी १८७२ रोजी सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये आभारप्रार्थना झाली, तेव्हा कोठे प्रजासत्ताकवाद्यांचा जोर ओसरला.

डिझरायली १८७४ मध्ये पंतप्रधान झाल्यावर राणींना मनासारखा मंत्री मिळाला. डिझरायली यांना पॉन्सनबी यांची मते ठाऊक होती. तरीही आपली बाजू राणींपुढे याहून चांगली मांडली जावी अशी इच्छा करता येणार नाही, असे त्यांनी म्हटल्याचे सांगितले जाते. असे असले तरी पूर्वेकडील प्रश्नावरून १८७६ ते १८७८ या काळात रशियाशी युद्ध पेटण्याची चिन्हे दिसू लागली, तेव्हा राणी व डिझरायली यांचा बराच पत्रव्यवहार सचिवाला वगळून झाला.

एप्रिल १८८० च्या निवडणुकीत उदारमतवादी विजयी झाले. ग्लॅडस्टन यांना बोलावण्यापेक्षा आपण राज्यत्याग करू, असे राणींनी पॉन्सनबी यांना लिहिले. संतापाचे ते पत्र पॉन्सनबी यांच्यापाशीच विरले. राणींनी आधी लॉर्ड हार्टिंग्टन यांना पाचारण केले. त्यांना सरकार बनवणे शक्य नव्हते, आणि अखेर २३ एप्रिल रोजी ग्लॅडस्टन यांनाच नेमावे लागले. पुढची पाच वर्षे पॉन्सनबी यांच्या कारकिर्दीतील सर्वांत कष्टाची ठरली. एकाच दिवशी राणींची ग्लॅडस्टन यांच्याविरुद्धची तक्रार आणि ग्लॅडस्टन यांची राणींविषयीची व्यथा त्यांच्याकडे येई, आणि दोघांनाही हा माणूस आपले म्हणणे समजून घेतो असे वाटे.

त्यांच्या मध्यस्थीचे सर्वांत स्पष्ट फळ १८८४ मध्ये दिसले. ग्रामीण भागातील कामकरी पुरुषांना मताधिकार देणारे विधेयक कनिष्ठ सभागृहाने मंजूर केले. मतदारसंघांची फेररचना आधी व्हावी म्हणून लॉर्ड्स सभागृहाने ते अडवले. दोन्ही सभागृहांचा संघर्ष विकोपाला जाण्याची भीती होती. तडजोड व्हावी अशी राणींची इच्छा होती आणि त्यांच्या वतीने पॉन्सनबी दोन्ही पक्षांच्या नेत्यांना पत्रे लिहीत, भेटत राहिले. नोव्हेंबरमध्ये ग्लॅडस्टन आणि सॉल्झबरी समोरासमोर बसले व दोन्ही विधेयकांवर समझोता झाला.

जानेवारी १८८५ मध्ये खार्टूम पडले आणि जनरल गॉर्डन मारले गेले. बातमी कळताच राणी ऑस्बर्न येथे पॉन्सनबी यांच्या घरी चालत गेल्या आणि ती मेरी यांना सांगितली. मग त्यांनी ग्लॅडस्टन व इतर दोन मंत्र्यांना दोष देणारी तार नेहमीच्या सांकेतिक लिपीत न पाठवता उघड शब्दांत पाठवली. तारघरातील कोणालाही ती वाचता येणार होती. सचिवाच्या सौम्य लेखणीला येथे वावच मिळाला नाही.

आयर्लंडच्या स्वराज्याचा प्रश्न १८८६ मध्ये पुढे आल्यावर राणी विरोधी पक्षनेते सॉल्झबरी यांच्याशी गुप्तपणे सल्लामसलत करू लागल्या. घटनात्मक संकेतांना हे धरून नव्हते. पॉन्सनबी यांनी राजीनामा दिला नाही. त्यांच्या सौम्यपणाची मर्यादा म्हणून याकडे बोट दाखवता येते. दुसऱ्या बाजूने असेही म्हणता येते की, ते गेले असते तर त्या जागी राणींच्या मताला दुजोरा देणाराच कोणी आला असता.

ब्राउन आणि मुन्शी

राणींच्या मर्जीतील दोन सेवकांमुळे दरबारात वारंवार वादळे उठली आणि दोन्ही वेळा निस्तरण्याचे काम पॉन्सनबी यांच्याकडे आले. पहिला सेवक स्कॉटलंडचा जॉन ब्राउन. २७ मार्च १८८३ रोजी तो वारल्यावर राणींनी त्याचे चरित्र लिहून छापण्याचा बेत केला. मजकूर वाचून पॉन्सनबी यांनी अत्यंत हळुवार शब्दांत शंका व्यक्त केली. विंडसरचे नवे डीन रँडल डेव्हिडसन यांनी मात्र स्पष्ट विरोध केला आणि पद सोडण्याची तयारी दाखवली. अखेर ते पुस्तक निघाले नाही.

दुसरे आग्र्याचे अब्दुल करीम. १८८७ मध्ये, राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, ते खानसामा म्हणून इंग्लंडला आले, राणींना हिंदुस्थानी शिकवू लागले आणि मुन्शी झाले. त्यांना आग्र्याजवळ जमीन मिळावी म्हणून राणींनी व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउन यांच्याकडे आग्रह धरला आणि १८९० मध्ये ती मिळाली. मुन्शींना मिळणारा मान इतर दरबाऱ्यांना खुपत होता. त्या रोषात वर्णाचा व वर्गाचा तिरस्कार मिसळलेला होता, हे राणींनी अचूक ओळखले होते. मुन्शींच्या हलक्या कुळाची चर्चा सुरू झाली तेव्हा त्यांनी पॉन्सनबी यांना कळवले की, आपल्या माहितीतील एक आर्चबिशप खाटकाचा मुलगा आहे आणि दुसरा वाण्याचा.

पॉन्सनबी यांचे पुत्र फ्रेडरिक तेव्हा हिंदुस्थानात व्हाइसरॉय लॉर्ड एल्गिन यांचे एडीसी होते. मुन्शींचे वडील मोठे सर्जन असल्याचे इंग्लंडमध्ये सांगितले जाई. राणींनी फ्रेडरिक यांना आग्र्याला त्यांची भेट घेण्यास सांगितले. वडील तुरुंगाच्या दवाखान्यात औषधे देण्याचे काम करतात, असे फ्रेडरिक यांनी परत आल्यावर कळवले. त्यांच्या आठवणींनुसार, तुम्ही भलत्याच माणसाला भेटलात, असे राणींनी सुनावले आणि वर्षभर त्यांना भोजनाचे आमंत्रण दिले नाही. हेन्री यांची दोन आणि दोनची युक्ती मुलाला अजून शिकायची होती.

अखेरची वर्षे

पॉन्सनबी यांना १८७९ मध्ये केसीबी व १८८७ मध्ये जीसीबी हे किताब मिळाले आणि १८८० मध्ये ते प्रिव्ही कौन्सिलचे सदस्य झाले. विंडसर किल्ल्यातील नॉर्मन टॉवर आणि आइल ऑफ वाइटवरील ऑस्बर्न कॉटेज ही त्यांची निवासस्थाने होती. जानेवारी १८९५ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि ते पुन्हा कामावर येऊ शकले नाहीत. २१ नोव्हेंबर रोजी ऑस्बर्न येथे त्यांचे निधन झाले. जवळच्या व्हिपिंगहॅम गावातील चर्चच्या आवारात त्यांचे दफन करण्यात आले. त्यांनी एकट्याने सांभाळलेले काम दोघांत वाटावे लागले. आर्थर बिग खासगी सचिव झाले आणि खासगी तिजोरी फ्लीटवुड एडवर्ड्स यांच्याकडे गेली.

अपत्ये

पॉन्सनबी दांपत्याला दोन मुली व तीन मुलगे होते. थोरली अल्बर्टा व्हिक्टोरिया; तिच्या नावातच राजदांपत्य सामावले आहे. धाकटी मॅग्डालेन हिने आईची पत्रे व आठवणी संपादित करून १९२७ मध्ये प्रसिद्ध केल्या. थोरले पुत्र जॉन सैन्यात गेले आणि पहिल्या महायुद्धात त्यांनी डिव्हिजनचे नेतृत्व केले.

मधले फ्रेडरिक (१८६७–१९३५) यांनी वडिलांचा मार्ग धरला. व्हिक्टोरिया, सातवे एडवर्ड आणि पाचवे जॉर्ज अशा तिघांची त्यांनी सेवा केली आणि १९३५ मध्ये ते बॅरन सायसन्बी झाले. १९०१ मध्ये राणींची थोरली मुलगी, जर्मनीची विधवा सम्राज्ञी, मृत्युशय्येवर असताना तिने आपली पत्रे मुलगा कैसर विल्हेल्म याच्या हाती लागू नयेत म्हणून फ्रेडरिक यांच्या हवाली केली. चिनी मातीची भांडी व पुस्तके असल्याचे पेट्यांवर लिहून त्यांनी ती इंग्लंडला नेली. १९२८ मध्ये ती प्रसिद्ध झाली तेव्हा पदच्युत कैसरने प्रकाशन थांबवण्याचा प्रयत्न केला, पण तो फसला. फ्रेडरिक यांची कन्या लिलिया पुढे डचेस ऑफ वेस्टमिन्स्टर झाली.

धाकटे आर्थर (१८७१–१९४६) यांचा जन्म विंडसर किल्ल्यात झाला आणि लहानपणी ते राणींचे मानाचे सेवक, म्हणजे पेज, होते. मोठेपणी ते दरबारापासून शक्य तितके दूर गेले. १९०८ मध्ये उदारमतवादी पक्षाचे खासदार असताना सातव्या एडवर्ड यांनी रशियाच्या झारची भेट घेण्यास त्यांनी विरोध केला, म्हणून राजाने त्यांचे नाव उद्यानभोजनाच्या आमंत्रितांतून वगळले. त्या वेळी भाऊ फ्रेडरिक त्याच राजाच्या सचिवालयात काम करत होते. पहिल्या महायुद्धाला विरोध केल्यामुळे १९१८ मध्ये आर्थर यांची खासदारकी गेली. १९२२ मध्ये ते मजूर पक्षातर्फे पुन्हा निवडून आले आणि १९३० मध्ये बॅरन होऊन लॉर्ड्स सभागृहात गेले. युद्धकाळातील असत्य प्रचारावरील त्यांचे १९२८ चे पुस्तक आजही अभ्यासले जाते.

चरित्र व चित्रण

दरबाराशी फटकून राहिलेल्या याच मुलाने वडिलांच्या पत्रांवर आधारलेले चरित्र लिहिले. ते १९४२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याला जेम्स टेट ब्लॅक पारितोषिक मिळाले. राणींविषयी त्यात ना भक्ती आहे ना कडवटपणा, आणि पॉन्सनबी यांच्यावरील पुढील बहुतेक लेखन या ग्रंथाच्या आधारेच झाले.

चित्रपटांतील पॉन्सनबी यांच्याकडे मात्र सावधपणे पाहावे लागते. मिसेस ब्राउन (१९९७) या चित्रपटात जेफ्री पामर यांनी त्यांची भूमिका केली आहे. तेथे ते १८६० च्या दशकातच खासगी सचिव म्हणून वावरतात, जेव्हा प्रत्यक्षात ते काम चार्ल्स ग्रे करत होते. व्हिक्टोरिया अँड अब्दुल (२०१७) मध्ये टिम पिगट-स्मिथ यांनी साकारलेले पॉन्सनबी मुन्शींविरुद्ध दरबाऱ्यांचे बंड उभे करतात. ते बंड १८९७ मध्ये झाले, आणि पॉन्सनबी त्याआधी दोन वर्षे निवर्तले होते.